बास्सान, बास्सानी, बास्सानो: हे इटालियन आडनाव नेमक्या कुठल्या गावाचं?

कागदपत्री

ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातल्या एका इटालियन वंशाच्या कुटुंबाची कागदपत्रं जुळवायचं काम चालू आहे. आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. १८८९ च्या लग्ननोंदीत नवऱ्याचं आडनाव 'बास्सान', मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत 'बास्सानी' आणि मृत्यूच्या नोंदीत चक्क 'बासाम'. मूळ ठिकाण म्हणून फक्त 'इटली, विचेन्झा प्रांत' एवढंच. लग्नात नवऱ्याचं वय २६, म्हणजे जन्म १८६३ च्या आगेमागे.

कुटुंबाच्या मते प्रश्न कधीच सुटलाय. आडनाव बास्सानी, तर गाव बास्सानो देल ग्राप्पा. ते विचेन्झा प्रांतातच आहे, विषय संपला. आपल्याकडे आडनावाला 'कर' दिसला की गाव हाती लागतं, तसंच. पण नकाशात बास्सानो नावाची गावं एकाहून जास्त आहेत. शिवाय हे आडनाव यहुदी असल्याचंही वाचनात आलं.

तर आडनावावरून गाव ठरवता येतं का? तिन्ही रूपं एकाच आडनावाची आहेत का? आणि १८६३ च्या जन्माची नोंद मागायची झाली तर कुणाकडे?

---

तळटीप

आडनावावरून गाव सुचतं, ठरत नाही. आणि जे सुचतं तेही कुटुंब उलटं वाचतंय.

गावाचं नाव माणसाला चिकटतं ते गाव सोडल्यावर. बास्सानोत राहणाऱ्या माणसाला शेजारी 'बास्सानोवाला' कशाला म्हणतील? सगळेच तिथले. तिथे तो बापाच्या नावाने, धंद्याने, नाहीतर घराच्या जागेने ओळखला जाणार. पादुआत किंवा व्हेनिसमध्ये जाऊन राहिला की मग तो 'दा बास्सानो'. पुढे तीनचार पिढ्यांत त्यातला 'दा' गळतो आणि आडनाव उरतं. म्हणून हे आडनाव बास्सानोपासून काही कोसांवरच्या गावांत शोधायचं असतं, खुद्द बास्सानोत ते सापडण्याची शक्यता त्या मानाने कमी.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण त्याच शहरात आहे. याकोपो बास्सानो हा सोळाव्या शतकातला मोठा चित्रकार (जन्म साधारण १५१०, मृत्यू १५९२). घराण्याचं नाव दाल पोंते, म्हणजे 'पुलापासचे', कारण चित्रशाळा ब्रेंता नदीवरच्या लाकडी पुलाजवळ होती. त्याचा बाप फ्रांचेस्को तर मूळचा बास्सानोचाही नव्हे, वर आझियागोच्या पठारावरच्या गाल्लियोचा. गावात हे दाल पोंते. जगाने मात्र त्यांना बास्सानो म्हटलं. लेआंद्रो आणि धाकटा फ्रांचेस्को ही याकोपोची मुलं व्हेनिसमध्ये काम करत होती, तिथे दुसरं नाव पडणं शक्यच नव्हतं. एकाच घराला दोन ठिकाणी दोन नावं, आणि दोन्ही जागेवरूनच.

दुसरी गोष्ट अंतराची. माणूस जितका लांब गेला तितकं त्याचं लेबल मोठ्या प्रदेशाचं होतं. वेनेतोतल्या (व्हेनिस, पादुआ, विचेन्झा ज्यात येतात तो ईशान्य इटलीतला प्रदेश) आडनावांत हे स्पष्ट दिसतं: फुरलान (फ्रिउलीचा), व्हिझेन्तिन (विचेन्झाचा), त्रेव्हिझान (त्रेव्हीझोचा), फेल्त्रिन (फेल्त्रेचा), कादोरिन (कादोरेचा). बास्सानोचा माणूस पादुआत बास्सान होईल, कारण पादुआतल्या लोकांना बास्सानो माहीत आहे. तोच सिसिलीत गेला तर बास्सानो कुणाच्या गावीही नसणार. तिथे उत्तरेकडच्या कुणालाही सरसकट लोम्बार्दो (लोम्बार्दीचा) म्हणत. त्यामुळे बास्सानसारखं छोट्या शहराचं आडनाव मिळालंय म्हणजे मूळ पुरुष फार लांब गेला नव्हता, असा अंदाज बांधता येतो. अंदाज, पुरावा नाही. त्या शहराशी व्यापार करणारा, तिथे बरीच वर्षं नोकरी करून परतलेला, तिथली बायको केलेला, यांनाही असली नावं पडत.

अवांतर: लिओनार्दो दा विंचीतला 'दा विंची' हा प्रकार याच वाटेवरचा आहे, पण पक्कं आडनाव होण्याआधीचा. कारवाज्जोचं खरं आडनाव मेरीझी. कारवाज्जो हे त्याच्या घरच्यांचं गाव, जन्म १५७१ चा, मिलानचा. नावातलं गाव आणि जन्मगाव एकच धरून चालण्यातला धोका इथे कळावा.

---

जोडाक्षर

तिन्ही रूपं एकच आहेत का, याबद्दल. बास्सान आणि बास्सानी एकच असण्याची शक्यता भरपूर. 'बासाम' तर नक्कीच कारकुनी.

वेनेशियन बोलीत न, ल, र यांच्यानंतरचा शब्दाच्या शेवटचा 'ओ' किंवा 'ए' गळतो. बास्सानो बोलताना बास्सान होतं, आघात शेवटच्या 'सान'वर. त्रेव्हिझान, पादोव्हान, फुरलान ही सगळी त्याच साच्यातली. कागदावर मात्र भाषा बोलीची नव्हती. धर्मगुरू लॅटिनमध्ये लिही, पुढे सरकारी कारकून प्रमाण इटालियनमध्ये. त्याला 'बास्सान' अर्धवट वाटलं की तो शेवटी 'ई' लावून मोकळा होई. हा 'ई' कुणी लॅटिन षष्ठीचा मानतो, कुणी कुटुंबाचं अनेकवचन. उत्तर आणि मध्य इटलीत 'ई'ने संपणारी आडनावं ढिगाने आहेत ती या सवयीमुळे. म्हणून एकाच बापाची दोन मुलं एकाच नोंदवहीत, वेगवेगळ्या धर्मगुरूंच्या हातची, एक बास्सान आणि एक बास्सानी अशी सापडली तर दचकू नका.

आता 'बासाम'. वेनेशियन बोलीत जोडव्यंजनाचा उच्चार होत नाही, त्यामुळे कानावर 'बासान' पडतं. पोर्तुगीज लिहिणाऱ्याला शब्दाच्या शेवटचा अनुनासिक 'म'ने लिहायची सवय. झालं बासाम. शोधयंत्रात एक 'एस', दोन 'एस', शेवटी 'एन', 'एम', 'एनआय', 'एनओ' अशी सगळी मिश्रणं घालून बघा. जुन्या हस्ताक्षरात दुहेरी 'एस'मधला पहिला लांब काढलेला असतो आणि अनुक्रमणिका करणारा त्याला 'एफ' वाचतो, तेव्हा 'बाफ्सान'सारखं काहीतरी दिसलं तरी उघडून बघा.

गावाचं नाव कुठून आलं तेही सांगतो, कारण तिथेच एक खड्डा आहे. बास्सानो हे रोमन काळातल्या जमीनमालकाच्या नावावरून पडलेलं. बास्सुस किंवा बास्सियुस नावाच्या माणसाची जमीन ती 'बास्सियानुस'. इटलीत 'आनो'ने संपणारी शेकडो गावं अशीच तयार झालीत. म्हणूनच बास्सानो एकच नाही: वेनेतोत बास्सानो देल ग्राप्पा, लोम्बार्दीत ब्रेशाच्या दक्षिणेला बास्सानो ब्रेशानो, लात्सिओत व्हितेर्बो प्रांतात बास्सानो रोमानो आणि बास्सानो इन तेवेरीना. यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जमिनीच्या वेगवेगळ्या मालकांची नावं योगायोगाने जुळली, एवढंच.

खड्डा असा: त्याच मुळातून माणसाचं नावही आलंय. बास्सियानो, बोलीत बास्सानो. लोदी शहराचा आश्रयदाता संत बास्सियानो, चौथ्या शतकातला तिथला बिशप, सण १९ जानेवारी. लोदीच्या आसपास मुलांची नावं त्याच्यावरून ठेवली जात. म्हणजे लोदीकडचा बास्सानी हा 'बास्सानो नावाच्या माणसाचा मुलगा' असू शकतो, गावाशी काडीचा संबंध नसताना. गंमत पुढे आहे. बास्सानो देल ग्राप्पाचा आश्रयदाताही हाच संत. तेव्हा तिथे 'याकोबुस बास्सानी' अशी नोंद दिसली तर ते बापाचं नाव आहे की आडनाव, हे त्या एका ओळीवरून सांगता येत नाही. आधीच्या पिढीची नोंद काढून बघावं लागतं.

बास्सी, बास्सो, बास्सेत्ती यांना यात ओढू नका. ती बहुतेक 'बुटका' या अर्थाच्या टोपणनावावरून आलेली.

---

कागदपत्री

बरंच उलगडलं. म्हणजे 'विचेन्झा प्रांत' लिहिलंय म्हणून लोदी आणि लात्सिओ बाद करता येतील. मग उरतं बास्सानो देल ग्राप्पा आणि आसपास. यहुदी असण्याबद्दल कुणी सांगेल का?

---

तळटीप

लोदी बाद करायची घाई नको. मूळ पुरुष कुठूनही येऊन विचेन्झा प्रांतात स्थायिक झालेला असू शकतो. तुम्हाला आत्ता १८६३ चं गाव हवंय. आडनावाची व्युत्पत्ती हा त्यानंतरचा प्रश्न. दोन्ही एकत्र सोडवायला गेलात की दोन्ही बिघडतात.

---

शाईदौत

यहुदी असल्याचा समज जिथे तिथे भेटतो: 'शहराचं नाव आडनाव म्हणून आलं की घराणं यहुदी'. हे उलट्या बाजूने केलेलं अनुमान आहे. इटलीतल्या यहुदी घराण्यांत गावांची नावं पुष्कळ आहेत हे खरं: मोदिल्यानी, व्होल्तेर्रा, पोंतेकोर्व्हो, रेकानाती, आस्कोली, सोन्नीनो. आल्प्सपलीकडचीही आहेत. ओत्तोलेंगी हे जर्मनीतल्या एट्टलिंगेनवरून, मोर्पुर्गो हे मारबुर्गवरून, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातलं मारिबोर. कारणही सरळ आहे. सावकारीचा करार घेऊन कुटुंबं एका गावातून दुसऱ्यात जात, करार संपला किंवा हकालपट्टी झाली की पुढे सरकत. माणूस सतत गावाबाहेर, त्यामुळे वरचा नियम त्यांना जास्त लागू.

पण ख्रिस्ती माणसंही गावं सोडत होती, आणि संख्येने कितीतरी अधिक होती. फेर्रारा, मेस्सिना, मांतोव्हानी, पुलिएझे या आडनावांची बहुसंख्य माणसं पिढ्यान्‌पिढ्या चर्चच्या वह्यांत आहेत. बास्सानोच्या बाबतीत हा समज जास्त पसरला तो एका वादक घराण्यामुळे. साधारण १५४० च्या सुमारास बास्सानो घराण्यातले भाऊ व्हेनिसहून इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबारी वादक म्हणून गेले. ते मूळचे यहुदी असावेत असं अनुमान काही अभ्यासकांनी मांडलं, इतरांनी ते मान्य केलेलं नाही. पुरावा अप्रत्यक्ष आहे. आणि ते सिद्ध झालं तरी बास्सान आडनावाच्या वेनेतोतल्या शेतकरी कुटुंबाला ते लागू होत नाही.

तुमच्या कुटुंबाचं म्हणाल तर मुलांचे बाप्तिस्मे आहेतच. १८६३ चा बाप्तिस्मा सापडला आणि त्यात आईबापांबद्दल वेगळा शेरा नसला, तर प्रश्नच उरत नाही. धर्मांतर करून आलेल्याच्या बाप्तिस्म्यात तसं लिहिलेलं असतं, आणि बहुतेकदा त्याला धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याला पालक म्हणून उभा राहणाऱ्याचं) आडनाव मिळे, म्हणजे जुनं गावाचं आडनाव उलट गायब होई.

---

वहीचा कोपरा

आता कामाचं. १८६३ च्या जन्माची नोंद नगरपालिकेकडे मागू नका, ती तिथे नसते. १८६३ मध्ये वेनेतो इटलीतच नव्हतं, ऑस्ट्रियाकडे होतं. १८६६ मध्ये ते इटलीला जोडलं गेलं आणि नगरपालिकांची नागरी नोंदणी तिथे सुरू झाली सप्टेंबर १८७१ मध्ये. त्याआधी नेपोलियनच्या काळात १८०६ ते १८१५ अशी थोडी वर्षं नागरी नोंदी झाल्या, मग ऑस्ट्रियन अमलात धर्मगुरूच सरकारचा नोंदणीदार. म्हणजे १८१६ ते १८७१ या काळातले जन्म, लग्नं, मृत्यू पॅरिशच्या, म्हणजे त्या त्या गावच्या चर्चच्या, वह्यांत. लोम्बार्दीत नागरी नोंदणी १८६६ पासून, रोमच्या बाजूला १८७१ पासून, नेपल्सच्या राज्यात थेट १८०९ पासून. 'इटलीतल्या नोंदी अमुक सालापासून' असं एक उत्तर नाही; गाव कुठल्या राज्यात होतं ते आधी बघायचं.

पण पॅरिशला लिहायचं तर गावाचं नाव हवं, आणि तेच तुमच्याकडे नाही. विचेन्झा प्रांतात पॅरिश शेकड्यांनी. म्हणून गाव आधी ब्राझीलच्या बाजूने काढा.

तुमची लग्ननोंद १८८९ ची आहे ना? ब्राझीलमध्ये नागरी जन्ममृत्यू नोंदणी १ जानेवारी १८८९ पासून सुरू झाली, नागरी विवाहाचा कायदा मात्र जानेवारी १८९० चा. म्हणजे हे लग्न चर्चमधलं आहे, आणि चर्चच्या लग्नाआधी एक प्रकरण तयार होई: वर अविवाहित आहे का, कुठे बाप्तिस्मा झाला, कोण साक्षीदार. त्या फाईलला 'हाबिलितासाओ मात्रिमोनियाल' म्हणतात. लग्नाच्या वहीत 'विचेन्झा प्रांत' एवढंच असलं तरी या फाईलमध्ये पॅरिशचं नाव असण्याची शक्यता चांगली असते. नशीब असेल तर इटलीतून आणलेला बाप्तिस्म्याचा दाखलाही टाचलेला मिळतो. १८८९ मध्ये अख्खं रिओ ग्रांदे दो सुल पोर्तो आलेग्रेच्या धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपच्या हद्दीत, होतं. काशियास दो सुलचा वेगळा धर्मप्रांत १९३४ चा. तेव्हा फक्त आजच्या धर्मप्रांताकडे विचारून 'नाही' ऐकलंत तर थांबू नका, पोर्तो आलेग्रेलाही विचारा.

मुलांच्या बाप्तिस्म्यांतले धर्मपिते बघा. वसाहतीत एका गावचे लोक एकमेकांच्या मुलांना धर्मपिता होत. धर्मपित्यांपैकी दोघातिघांची गावं ठाऊक झाली तर वर्तुळ आपोआप लहान होतं.

दुसरा रस्ता लष्करी भरतीच्या याद्यांचा, 'लिस्ते दी लेव्हा'. हा मला चर्चच्या शोधापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो आणि लोक तो उगाच विसरतात. वेनेतो इटलीत आल्यावर प्रत्येक मुलग्याचं नाव जन्मवर्षाच्या यादीत चढे, विसाव्या वर्षी बोलावणं. १८६३ चा मुलगा १८८३ मध्ये तपासला गेला असणार. तोवर तो ब्राझीलला गेला असला तरी नाव यादीत राहतं, शेऱ्यात 'परदेशी' किंवा 'रेनितेंते', म्हणजे हजर न झालेला, असं लिहिलेलं. यादीत मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव आणि जन्मगाव मिळतं. या याद्या आर्कीव्हियो दी स्तातोमध्ये, म्हणजे सरकारी अभिलेखागारात असतात. तुमच्यासाठी विचेन्झाचं, त्याची एक शाखा खुद्द बास्सानो देल ग्राप्पात आहे. १८६१ ते १८६५ अशी पाच वर्षं मागा. लग्नात सांगितलेलं वय एकदोन वर्षांनी चुकलेलं असणं नेहमीचंच.

काय ऑनलाइन आहे ते आधी बघून घ्या. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं 'आंतेनाती' हे संकेतस्थळ फुकट आहे, 'फॅमिलीसर्च'ही. दोन्हीकडे पानांचे फोटो असले तरी सगळ्या नावांची अनुक्रमणिका झालेली नाही, तेव्हा शोधचौकटीत नाव टाकून काही आलं नाही याचा अर्थ नोंद नाही असा होत नाही. गाव, वर्ष, मग वहीच्या शेवटची हस्तलिखित सूची अशा क्रमाने पानं उलटायची. नगरपालिकेला सरसकट विनंत्या पाठवण्याआधी हेही लक्षात घ्या: २०२५ पासून शंभर वर्षांहून जुन्या, दुसऱ्या व्यक्तीच्या नोंदींसाठी नगरपालिकांना ३०० युरोपर्यंत शुल्क लावायची मुभा आहे. दहा गावांना अंदाजाने पत्रं टाकणं महागात पडेल.

आणि धर्मप्रांत. बास्सानो शहर विचेन्झा धर्मप्रांतात, पण नदीच्या वरच्या अंगाला कांपेझेसारखी ठिकाणं पादुआ धर्मप्रांतात. नागरी प्रांत आणि धर्मप्रांत यांच्या सीमा जुळत नाहीत. 'विचेन्झा प्रांत' म्हणून फक्त विचेन्झाच्या बिशपकडे विचारलंत तर अर्धा शोध राहून जाईल.

---

जोडाक्षर

वरच्यात एक भर. नकाशात आडनावाची घनता दाखवणारी जी संकेतस्थळं आहेत ती बघायला हरकत नाही, पण ती आजची वस्ती दाखवतात. १९५० आणि ६० च्या दशकांत वेनेतोतून आणि दक्षिणेतून लाखो माणसं मिलान आणि तुरीनला कामाला गेली. मिलानभोवती दिसणारा ठिपका जुना नाही. छोट्या गावांतले ठिपके जास्त बोलके. घराण्याचं बोधचिन्ह विकणाऱ्या दुकानांकडे तर फिरकूच नका. ते आडनावाला चिन्ह विकतात. चिन्ह कधी काळी एका घराण्याचं असतं, आडनावाचं नव्हे.

वेनेतोत अजून एक प्रकार जपून हाताळायचा: टोपणनाव. एकाच गावात बास्सान आडनावाची पाचसात घरं झाली की फरक करायला 'देत्तो' लावून दुसरं नाव जोडत, बास्सान देत्तो अमुक. हे टोपणनावही वारसाने चालतं. ब्राझीलमध्ये कधी कधी हेच आडनाव म्हणून लिहिलं गेलं आणि खरं आडनाव मागे पडलं. कुटुंबाच्या बोलण्यात कधी न कळणारं एखादं दुसरं नाव येत असेल तर ते लिहून ठेवा. पॅरिशच्या वहीत तीन अंतोनियो बास्सानमधून तुमचा नेमका कोणता ते त्याच शब्दावरून कळतं.

---

कागदपत्री

लग्नाची फाईल आणि भरतीच्या याद्या, दोन्हीकडे एकदमच अर्ज करतो. गाव कळल्यावर मागे किती जाता येईल? आणि आडनाव बास्सानोवरूनच आलं हे कागदावर दाखवता येतं का कधी?

---

वहीचा कोपरा

कॅथलिक चर्चच्या त्रेंतोच्या धर्मसभेने १५६३ मध्ये लग्नांच्या नोंदी सक्तीच्या केल्या, बाप्तिस्म्यांच्याही वह्या त्याच सुमाराला सगळीकडे रूढ झाल्या. १६१४ च्या विधिग्रंथाने मृत्यूच्या नोंदी आणि 'स्तातो दानिमे', म्हणजे घरवार माणसांची यादी, हेही धर्मगुरूंकडे सोपवलं. आग, ओल, उंदीर यांतून वही वाचली असेल तर साध्या शेतकरी कुटुंबाचा माग सतराव्या शतकापर्यंत लागणं अशक्य नाही. 'स्तातो दानिमे' आधी मागा. एका पानावर आजोबा, मुलं, सुना, नातवंडं वयांसकट मिळतात, त्यामुळे बाप्तिस्मे एकेक शोधण्यातले महिने वाचतात.

नोंदीत बापाच्या नावाआधी 'दी' असेल तर बाप हयात, 'फू' असेल तर वारलेला. लॅटिनमध्ये 'फू'च्या जागी 'क्वोन्दाम', बहुतेकदा नुसतं 'क्यू' आणि वर एक आडवी रेघ. हे नीट टिपलंत तर बापाचा मृत्यू कुठल्या दोन नोंदींच्या मधे झाला ते आपोआप ठरतं, मृत्यूच्या वहीत वर्षानुवर्षं चाळावी लागत नाहीत.

आडनाव बास्सानोवरून आलं हे दाखवायचं तर १५६३ च्या अलीकडचं काही उपयोगी नाही, तोवर आडनाव पक्कं झालेलं असतं. नोटरींचे दस्त आणि 'एस्तिमो', म्हणजे कर आकारणीच्या याद्या, यांच्याकडे जावं लागतं. त्या काळच्या दस्तातला माणूस साधारण अशा साच्यात येतो:

'योहान्नेस क्वोन्दाम पेत्री दे बास्सानो हाबितातोर पादुए'

म्हणजे वारलेल्या पिएत्रोचा मुलगा जोव्हान्नी, बास्सानोचा, पादुआत राहणारा. इथे नेमका अडकणारा प्रश्न असा की 'दे बास्सानो' कुणाला लागतं, जोव्हान्नीला की पिएत्रोला? व्याकरण दोन्ही चालवून घेतं. उत्तर 'हाबितातोर'मध्ये आहे. राहण्याचं गाव वेगळं सांगितलंय म्हणजे लिहिणाऱ्याच्या लेखी 'दे बास्सानो' ही अजून जिवंत माहिती आहे, घराण्याचं शोभेचं नाव नव्हे. पुढच्या दस्तात त्याचाच नातू 'दे बास्सानो चीव्हिस पादुए', म्हणजे पादुआचा नागरिक, असा आला आणि तरी 'दे बास्सानो' टिकून असलं, तर तिथे ते आडनाव झालं. मधल्या दोन दस्तांचं अंतर हीच तुमच्या आडनावाची जन्मतारीख. असे दोन कागद एकाच घराण्याचे, सलग, तुमच्या कुटुंबापर्यंत जोडलेले मिळाले तरच 'बास्सानोवरून आलं' असं लिहा. नाहीतर 'बास्सानोवरून असण्याची शक्यता' इथेच थांबा.

---

शाईदौत

आणि एस्तिमो मागताना गावाचं तेव्हाचं नाव द्या. 'बास्सानो देल ग्राप्पा' हे नाव १९२८ चं, ग्राप्पा डोंगरावरच्या पहिल्या महायुद्धातल्या लढायांची आठवण म्हणून ठेवलेलं. त्याआधी ते बास्सानो वेनेतो, आणि जुन्या दस्तांत नुसतं बास्सानो. ब्राझीलच्या १८८९ च्या कागदावर कुणी 'देल ग्राप्पा' लिहिलेलं दाखवलं, तर तो शब्द पुढे कधीतरी कुणीतरी भरलेला आहे.

---

कागदपत्री

कुटुंबाने दिलेल्या एका वंशावळीच्या तक्त्यात नेमकं तसंच आहे, '१८६३, बास्सानो देल ग्राप्पा'. तो तक्ता बाजूला ठेवतो आणि मूळ पानाचा फोटो मागवतो.